रिचार्जेबल सेल टाकले की टॉर्चचा उजेड कमी होतो का?

टॉर्चबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "साध्या सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि रिचार्जेबलवर १.२. मग रिचार्जेबलवर उजेड कमीच पडणार ना?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा नीट सांगतो.

बहुतेक टॉर्चमध्ये फरक जाणवत नाही. टॉर्च झगझगीत असेल, तर उलट रिचार्जेबलच जास्त वेळ टिकतात.

अल्कलाइन (म्हणजे एकदाच वापरायच्या साध्या) सेलवरचे १.५ व्होल्ट म्हणजे सेल नवा कोरा आणि त्यावर काही भार नाही, तेव्हाची गोष्ट. टॉर्च लावला की सेलच्या आतल्या रोधामुळे व्होल्टेज लगेच खाली येतं आणि पुढे उतरतच राहतं: १.३, १.२, १.१, मग ०.९ च्या आसपास सेल संपला. निकेल मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल मात्र १.२ च्या आसपास जवळजवळ शेवटपर्यंत तग धरतो. टॉर्च बनवणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. दोन सेलच्या जुन्या टॉर्चचा बल्ब पाहा, त्यावर ३ नाही, साधारण २.५ व्होल्ट लिहिलेलं सापडेल.

मल्टीमीटर असेल तर टॉर्चने 'संपवलेला' अल्कलाइन सेल मोजून बघा. नुसता मोजला तर बऱ्याचदा १.२ किंवा १.३ दाखवतो. टॉर्चचा प्रवाह त्यातून ओढायला लागा, की काटा एकदम घसरतो. तोच सेल भिंतीवरच्या घड्याळात मात्र पुढे कित्येक महिने चालतो, कारण घड्याळाला प्रवाह नगण्य लागतो. म्हणून असे सेल मी टाकून देत नाही.

अपवाद आहे तो तीन सेलच्या स्वस्त टॉर्चचा, ज्यात सर्किट जवळजवळ नसतंच. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. तीन अल्कलाइनचे ४.५ आणि तीन रिचार्जेबलचे ३.६ होतात, तेव्हा तिथे सुरुवातीचा उजेड कमी दिसतो, हे खरं.

आता एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास (१००० एमएएच म्हणजे १ अँपिअर-तास). सेल किती टिकेल हे ठरवताना लोक फक्त हाच आकडा बघतात आणि तिथेच फसतात. साठवलेली ऊर्जा काढायची तर व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणायचं, उत्तर वॉट-तासांत येतं. २००० एमएएचचा रिचार्जेबल पेन्सिल सेल म्हणजे १.२ गुणिले २, अर्थात २.४ वॉट-तास. त्याच मापाचा १४५०० हा लिथियम-आयन सेल घ्या. त्यावर लिहिलंय फक्त ८०० एमएएच, पण व्होल्टेज ३.७. गुणाकार करा, जवळपास ३ वॉट-तास! आकडा निम्म्याहून कमी आणि ऊर्जा जास्त.

पण माप सारखं आहे म्हणून हा १४५०० कुठल्याही पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये घालू नका, हे मी कळकळीने सांगतो. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टचा असतो. सेल एकापुढे एक लावले की व्होल्टेजची बेरीज होते, म्हणजे असे दोन सेल ३ व्होल्टच्या टॉर्चला ८.४ देतील आणि आतलं सर्किट किंवा एलईडी जळेल. टॉर्चवर किंवा माहितीपत्रकात १४५०० चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तरच वापरा.

राहता राहिला १८६५० हा मोठा लिथियम-आयन सेल (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी). त्यावर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं, तर तो घेऊच नका. या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास असते. शंका आली तर वजन करा: खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, आणि खोटा पुष्कळदा त्याहून बराच हलका निघतो.