पंप थांबला तो दिवस

मी डायलिसिस विभागात सिस्टर आहे. किडन्या निकामी झालेल्यांचं रक्त आम्ही यंत्रातून शुद्ध करतो. इतर वॉर्डांतला पेशंट बरा होतो किंवा होत नाही, पण जातो. आमचा परत येतो. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, आणि तेही वर्षानुवर्षं. त्यामुळे डायलिसिसच्या दोन पाळ्यांमध्ये कोणाचं वजन किती वाढतं, कोण लपून जास्त पाणी पितं, कोणाचं बीपी तिसऱ्या तासाला हमखास खाली येतं, कोणाच्या पायात गोळे येतात, हे सगळं आम्हाला तोंडपाठ असतं. आणि यादीत कोणाचं नाव दिसलं की आपलं मन आक्रसतं, हेही ठाऊक असतं.

माझं मन एका काकांच्या नावाने आक्रसायचं. त्यांची ओळख पटेल असं इथे काही लिहीत नाही. साठी ओलांडलेले, उभी हयात यंत्रांवर काम करण्यात गेलेली. सुई लावताना ते शिव्या देत आणि शिकाऊ मुलींना रडवत. पाळी सुरू करण्याआधी मी मनात प्रार्थना करते हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. "काय सिस्टर, तुमचा देव एखादी किडनी देतो का बघा की!" हे सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात. मी उत्तर देत नसे. फिस्टुलावर, म्हणजे सुया लावण्यासाठी हातात शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोटं ठेवून आतली थरथर तपासायची, सुया लावायच्या, नळ्या जोडायच्या आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. त्यांच्या उपचारात काही कमी पडत नव्हतं. पण माझी प्रीती हातांपर्यंतच होती, आत काही नव्हतं, आणि प्रार्थनेला बसलं की ते मला जाणवत राही.

आमच्या कामाच्या इतिहासातली एक गोष्ट अशा वेळी मला आठवते. विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, पहिलं उपयोगी पडणारं डायलिसिस यंत्र बनवलं. साहित्य मिळत नव्हतं म्हणून रक्त गाळण्यासाठी सॉसेजच्या वेष्टनाचा सेलोफेन वापरला. सुरुवातीचे पेशंट वाचले नाहीत. १९४५ साली त्या यंत्रावर जिचा जीव पहिल्यांदा वाचला, ती ६७ वर्षांची एक बाई होती, आणि ती नाझींना साथ दिली म्हणून कैदेत होती. गावाला तिचा तिटकारा होता. तरी कोल्फ यांनी तिला यंत्रावर घेतलं. आज जगभर लाखो लोकांना जगवणाऱ्या या उपचाराची पहिली यशस्वी पेशंट कोणालाही नकोशी असलेली बाई होती, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ती आठवली की काकांच्या खाटेकडे जाताना पाय थोडे हलके पडत. पण थोडेच.

आता त्या दिवसाबद्दल.

तेव्हा माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. रात्री दर दोन तासांनी तिला कूस बदलून द्यावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. मग सकाळची ड्युटी. त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसले तेव्हा प्रार्थनेला शब्दसुद्धा सुचत नव्हते. अशा वेळी मी येशूचा प्रेषित पौल याची प्रार्थना उसनी घेते, बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातली. पौल कैदेत असताना त्याने ती लिहिली. देवाच्या आत्म्याच्या द्वारे तुम्ही अंतर्यामी बलसंपन्न व्हावे, असं तो आपल्या वाचकांसाठी मागतो. स्वतःची सुटका त्या प्रार्थनेत तो मागत नाही. मी तेवढंच पुटपुटले. काही जाणवलं नाही. छाती भरून आली नाही, थकवा उतरला नाही. उठले आणि हॉलमध्ये गेले.

दुसरा तास संपत आला असताना लाईट गेली. हे अधूनमधून होतं. काही क्षणांत जनरेटर सुरू होतो. त्या दिवशी तो झाला नाही. पंखे थांबले, पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रणेचा सततचा आवाज थांबला आणि एकामागून एक सगळ्या यंत्रांचे अलार्म वाजायला लागले. अशा वेळी यंत्र बॅटरीवर जातं आणि रक्ताचा पंप काही काळ चालू राहतो. शुद्धीकरण मात्र थांबतं, कारण त्याला पाणी लागतं. चार तासांच्या एका पाळीत एका पेशंटमागे सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी यंत्रातून जातं. ते बंद झालं की रक्त नुसतं फिरत राहतं. बॅटरी आहे तोवर धोका नसतो.

काकांच्या यंत्राची बॅटरी चालली नाही. पडदा काळा झाला, पंप थांबला.

शरीराबाहेर, नळ्या आणि डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारा यंत्राचा भाग, मिळून, त्या वेळी साधारण पाव लिटर रक्त असतं. ते वाहत असतं तोवर ठीक. थांबलं की काही मिनिटांत गोठायला लागतं, आणि गोठलं की ते पेशंटला परत देता येत नाही. आधीच रक्त कमी असलेल्या माणसाला ते परवडणारं नसतं. यासाठी पंपाला हाताने फिरवायचं एक हँडल असतं. मी यंत्रामागून ते काढलं, झाकण उघडून बसवलं, सुईकडून रक्त आणणारी नळी चिमटा लावून बंद केली, सलाईन जोडलं, आणि परतीची नळी यंत्राच्या पकडीतून सोडवली. या पकडीमागे एक कारण आहे. रक्तात हवेचा बुडबुडा दिसला तर ती नळी आपोआप आवळते. वीज नसताना ती आवळलेलीच राहते, म्हणून नळी बाहेर काढावी लागते, आणि एकदा बाहेर काढली की बुडबुडा पाहायला आपल्या डोळ्यांशिवाय काही उरत नाही. सोबतची सिस्टर टॉर्च धरून उभी राहिली. मी हँडल बाणाच्या दिशेने फिरवायला लागले. फार जोरात नाही, फार सावकाशही नाही. नजर सतत परतीच्या नळीवरच्या कुपीवर. नळीतलं लाल हळूहळू फिकट होत गेलं, गुलाबी झालं, आणि शेवटी जवळजवळ स्वच्छ सलाईन दिसू लागलं. मी थांबले. चिमटे लावले. काकांचं बीपी घेतलं. ठीक होतं.

त्यानंतर दिवसभर मला सगळे म्हणत होते की देवाने तुला बळ दिलं. आमच्या चर्चच्या मंडळीत हे सांगितलं तेव्हाही लोकांनी याच भागावर देवाचे आभार मानले. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, आभार मानायलाच हवेत. पण माझं मत वेगळं आहे. हँडल फिरवण्याचा सराव आम्ही पुन्हा पुन्हा केलेला असतो. घाबरलेल्या क्षणी हात आपोआप चालावेत म्हणूनच तो करून घेतात. जे बळ मी सकाळी मागितलं होतं ते मला त्या पंपापाशी दिसलं नाही. ते दुपारी दिसलं.

जनरेटर सुरू झाला, लाईटही आली. पाणी तपासून बाकीच्यांचं डायलिसिस पुन्हा चालू केलं. काकांना दुसऱ्या यंत्रावर घेऊन उरलेला वेळ पूर्ण करायचं डॉक्टरांनी ठरवलं. काका नाही म्हणाले. आज नको, आणि यापुढेही नको. मला सुया काढून घरी पाठवा.

डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं. किडन्या पूर्ण निकामी असताना डायलिसिस थांबवलं तर बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत माणूस जातो, हे स्पष्ट सांगितलं. निर्णय तुमचा आहे, पण आज घाबरलेल्या मनाने घेऊ नका, मुलाला येऊ द्या, असंही म्हणाले. मुलाला यायला वेळ लागणार होता. सुया जागच्या जागी ठेवल्या होत्या. कोणीतरी जवळ बसणं आवश्यक होतं. माझी ड्युटी संपत आली होती आणि घरी आई होती. शेजारच्या ताईंना फोन केला, त्या आईपाशी थांबायला तयार झाल्या. मी स्टूल ओढून काकांजवळ बसले.

त्यांच्याशी काय बोलावं हे मला माहीत नव्हतं. पकडला जाण्याआधी, त्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने शिष्यांकडे मागितलं तेही फार थोडं होतं. माझ्याबरोबर जागे राहा, एवढंच. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी मरणाऱ्या माणसांच्या सेवेचा पाया म्हणून हेच वचन धरलं होतं. दुःख समजत नसलं आणि हटवता येत नसलं तरी तिथे थांबायचं. येशूच्या त्याच रात्रीबद्दल लूकने आपल्या शुभवर्तमानात आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. स्वर्गातून एक देवदूत आला आणि त्याने येशूला शक्ती दिली. पुढच्याच वाक्यात लूक सांगतो की येशू अधिक कळकळीने प्रार्थना करू लागला आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. शक्ती आधी आली आणि वेदना नंतर वाढली. हे मी कितीतरी वेळा वाचलेलं होतं. त्या स्टुलावर बसल्यावर ते मला पहिल्यांदा पटलं. माझे डोळे मिटत होते, पाठ दुखत होती, घराची काळजी होती आणि समोर मला न आवडणारा माणूस होता. यातलं काहीही कमी झालं नाही. फक्त उठून जावंसं वाटेना.

बऱ्याच वेळाने काका बोलले. "पंप थांबला तेव्हा मी नळीकडे बघत होतो. माझंच रक्त, उभं राहिलेलं. वाटलं, सुटलो. आणि तुम्ही ते हँडल लावलंत." मग चिडून म्हणाले, "का लावलंत?"

ड्युटी होती म्हणून, असं सांगता आलं असतं आणि ते खरंही होतं. पण तोंडातून निघालं, "तुम्ही जाऊ नये असं वाटलं म्हणून." बोलल्यावर मलाच कळलं की हे खरं आहे. सकाळपर्यंत नव्हतं. ते कधी आत आलं, मला सांगता येणार नाही. मी स्वतःला तसं वाटायला लावलेलं नव्हतं. तसा प्रयत्न मी याआधी खूप केला होता.

काका माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "डोळे बघा तुमचे. झोपत नाही का?"

मी आईबद्दल सांगितलं. पेशंटला आपल्या घरचं सांगू नये, हे आम्हाला शिकवलेलं असतं आणि मीही ते पाळते. त्या दिवशी सांगितलं. काकांनी आईचं नाव विचारलं. तिला काय झालंय, किती दिवस झाले, रात्री मदतीला कोण असतं, सगळं विचारलं. अंथरुणाला खिळलेल्या आपल्या वडिलांना दोन माणसं चादरीसकट कशी सहज वळवायची, हे हाताने करून दाखवायला लागले आणि सुया आहेत म्हणून मला त्यांचा हात धरून ठेवावा लागला. मला रडू आलं. त्या सगळ्या महिन्यांत तुझं काय चाललंय असं मला कोणी इतकं सविस्तर विचारलं नव्हतं, आणि ज्याने विचारलं तो माझ्या देवाची थट्टा करणारा माणूस होता.

पौलाच्या प्रार्थनेचा क्रम मी तेव्हापासून पुन्हा पुन्हा पाहते. अंतर्यामी बळ मिळावं, हे तो आधी मागतो. ते कशासाठी, हे पुढे येतं. ख्रिस्ताच्या प्रीतीची रुंदी, लांबी, उंची आणि खोली समजून घेता यावी म्हणून. मी इतकी वर्षं असं धरून चालले होते की बळ काम करायला लागतं, सोसायला लागतं, दुसऱ्यावर प्रीती करायला लागतं. लागतंच. पण पौल बळ मागतो ते आपल्यावरची प्रीती कळावी यासाठी. सेवा करणाऱ्या माणसाला ही बाजू अवघड जाते. देणारा हात सवयीचा असतो. कोणी आपल्याकडे पाहावं, आपला थकवा ओळखावा आणि आपण तो झाकू नये, हे माझ्या अंगच्या ताकदीने होण्यासारखं नव्हतं. त्या दुपारी ते झालं. देवाने माझ्यावर प्रीती केली, आणि ती माझ्यापर्यंत आणण्यासाठी त्याने काकांना निवडलं, असंच मी मानते.

मुलगा आला. बापलेक बराच वेळ बोलले. मी बाहेर थांबले, त्यामुळे त्यांच्यात काय झालं मला माहीत नाही. उरलेला वेळ काकांनी दुसऱ्या यंत्रावर पूर्ण केला आणि पुढच्या पाळीलाही आले. सुई लावताना शिवी दिली. शिकाऊ मुलगी घाबरली, तिला मी बाजूला घेऊन समजावलं. काका बदलले असं मी म्हणणार नाही. देवाच्या विषयावर ते आजही तेच विचारतात, किडनी कधी देतो म्हणून. आई होती तोवर तिची चौकशी मात्र त्यांनी कधी चुकवली नाही. आई गेली त्या आठवड्यात मी रजेवर होते. त्यांनी ड्युटीवरच्या प्रत्येकीला माझ्याबद्दल विचारून हैराण केलं, असं मला नंतर कळलं.

यादीत त्यांचं नाव असतं तेव्हा मी कपडे बदलायच्या खोलीत पौलाची तीच प्रार्थना त्यांच्या नावाने करते, आणि मग माझ्या नावाने.