ठाम आवाज आणि मागे राहिलेली शंका

एका मोठ्या प्रकल्पाची सूत्रे कोणाकडे सोपवायची, हा निर्णय काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला होता. दोन सहकारी डोळ्यांसमोर होते. एकाने माझ्या प्रत्येक प्रश्नाला क्षणभरही न थांबता उत्तर दिले; दुसरीने निम्म्या प्रश्नांवर "हे तपासून सांगावे लागेल" असे म्हटले. मी पहिल्याची निवड केली, आणि आपण क्षमता पाहूनच निर्णय घेत आहोत असे मला मनापासून वाटत होते. पुढे जुन्या यंत्रणेतील माहिती नव्या यंत्रणेत नेताना काम अडले आणि तीन महिने लांबले. नेमक्या त्याच टप्प्याबद्दलची शंका तिने पहिल्या मीटिंगमध्ये बोलून दाखवली होती. "ते होऊन जाईल," एवढेच उत्तर तिला मिळाले आणि त्या आवाजात इतकी खात्री होती की मीही पुढच्या विषयाकडे वळलो.

तो सहकारी कोणाला फसवत नव्हता. त्याचा स्वतःवर खरोखरच विश्वास होता. त्या विश्वासाला कौशल्याचा पुरावा मानण्याची चूक माझी होती.

ही चूक किती सहज होते, हे कॅमेरॉन अँडरसन आणि गॅव्हिन किल्डफ यांच्या २००९ मधील अभ्यासात स्पष्ट दिसते. चार-चार जणांच्या गटांना गणिते सोडवायला दिली असता, वर्चस्व गाजवणाऱ्या व्यक्ती इतरांना अधिक हुशार वाटल्या. प्रत्यक्षात त्यांची उत्तरे अधिक बरोबर नव्हती. त्या फक्त आधी आणि अधिक बोलत होत्या. ९४ टक्के गणितांत गटाने पहिले सुचवलेले उत्तरच अंतिम म्हणून स्वीकारले. हा आकडा वाचल्यापासून कोणतीही मीटिंग मला पूर्वीसारखी दिसत नाही.

मात्र म्हणून करिश्मा हा निव्वळ देखावा आहे, असे मी म्हणणार नाही. काम कोलमडत असताना, माणसे धास्तावलेली असताना, शांतपणे "आता आपण हे करू" असे सांगणारा कोणीतरी लागतो. हे कसब काही प्रमाणात शिकताही येते. जॉन अँटोनाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की रूपके, गोष्टी, प्रश्न, आवाजातील चढउतार यांचे प्रशिक्षण घेतलेले व्यवस्थापक इतरांना अधिक प्रभावी वाटू लागतात. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांच्या मांडणीतील एक मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो: करिश्मा अनुयायांच्या मान्यतेवर उभा असतो. म्हणजे वलय देणारे आपण असतो, आणि त्याच्या परिणामांची काही जबाबदारी आपल्याकडेही येते.

ठाम आवाजापुढे शंका मागे पडण्याचे सर्वांत भीषण उदाहरण २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरील विमानतळावर घडले. दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण मृत्युमुखी पडले. उड्डाणासाठी निघालेल्या, केएलएम या डच विमान कंपनीच्या विमानाचे कॅप्टन कंपनीतील नामवंत प्रशिक्षक होते. जाहिरातींत त्यांचा चेहरा झळकत असे. धावपट्टीवरून दुसरे विमान बाहेर पडले का, हा प्रश्न फ्लाइट इंजिनिअरने विचारला होता. कॅप्टनने ठामपणे होकारार्थी उत्तर दिले आणि विमान थांबले नाही. या दुर्घटनेची कारणे अनेक होती, संदेशवहनातील गोंधळही त्यात होता. परंतु पुढे विमानसेवांनी जी प्रशिक्षणपद्धती स्वीकारली, तिच्यात कनिष्ठाने शंका स्पष्टपणे मांडणे आणि वरिष्ठाने ती ऐकून घेणे हा कामाचाच भाग ठरला.

आमच्या कामात जिवाचा प्रश्न नसतो, तरी मी दोन गोष्टी बदलल्या आहेत. चर्चेत सर्वांत नवखी व्यक्ती आधी बोलते आणि मी शेवटी. कोणी अगदी ठामपणे काही सांगितले, की काय दिसले तर तुम्ही हे मत बदलाल, असे मी विचारतो. ज्याचा आत्मविश्वास कामातून आलेला असतो, त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा तयार असते.

पुढच्या प्रकल्पाची सूत्रे मी त्या सहकारी स्त्रीकडे दिली. तिचा आवाज आजही हळूच आहे, त्यामुळे ती बोलू लागली की बाकीचे आपले बोलणे थांबवतात. "तपासून सांगते" असे ती अजूनही म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी तपासून सांगते.