तुम्ही विचारलेत म्हणून: दिवाळखोरीचा अर्ज केला की घर वाचते का?

न्यू जर्सीत दिवाळखोरीची प्रकरणे हाताळणाऱ्या एका वकिलांच्या कार्यालयात मी कागदपत्रे तयार करण्याचे काम करते. हे ठाऊक असलेली ओळखीची मराठी माणसे मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारतात, की घराचे हप्ते थकले आहेत, दिवाळखोरीचा अर्ज केला तर घर वाचेल का? सल्ला द्यायचा तो वकिलांनी. मी रोज जे पाहते, तेवढेच सांगते.

अर्ज दाखल होताक्षणी कायद्यानेच स्थगिती लागू होते. तिला इथे ऑटोमॅटिक स्टे म्हणतात आणि तिच्यासाठी सुनावणीची वाट पाहावी लागत नाही. वसुलीचे फोन, पत्रे आणि घराचा लिलाव जागच्या जागी थांबतो. मात्र लिलाव थांबणे वेगळे आणि घर वाचणे वेगळे. दिवाळखोरीच्या कायद्यात अर्जाचे वेगवेगळे प्रकार आहेत, त्यांना चॅप्टर म्हणतात. चॅप्टर ७ मध्ये क्रेडिट कार्डासारखी देणी साधारण तीन-चार महिन्यांत माफ होतात, पण घरावरचा बँकेचा बोजा उतरत नाही आणि थकबाकी हप्त्यांनी फेडण्याची सोयही नसते. त्यामुळे पदरात पडते ती बहुधा मुदतच, आणि तीही बँक न्यायालयाकडून स्थगिती उठवून घेईपर्यंत. घर राखायचे असेल तर चॅप्टर १३ पाहावा लागतो. त्यात थकबाकी तीन ते पाच वर्षांत फेडता येते. समजा २४,००० डॉलर थकले आहेत, तर ६० महिने दरमहा ४०० डॉलर, त्यावर ट्रस्टीचे, म्हणजे हे पैसे गोळा करून घेणेकऱ्यांना वाटणाऱ्याचे, शुल्क, आणि शिवाय घराचा चालू हप्ता वेळच्या वेळी. म्हणजे नियमित उत्पन्न हवेच.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ लिलावाच्या आदल्या दिवशी दुपारी आले. हातात किराणा दुकानाची पिशवी आणि तिच्यात आठ-नऊ महिन्यांची न फोडलेली पाकिटे. अर्जाआधी कर्जविषयक समुपदेशनाचे प्रमाणपत्र लागते, म्हणून त्यांना आमच्याच फोनवरून ते सत्र करायला बसवले आणि मी एकेक पाकीट फोडून तारखा लावत गेले. समोरचा चहा निवून गेला. अर्ज दाखल झाला, क्रमांक मिळाला, तो लिलाव करणाऱ्या शेरीफच्या कार्यालयाला कळवला आणि लिलाव थांबला. एक दिवस उशीर झाला असता तर उपयोग नव्हता, कारण लिलावात बोली पक्की झाली की थकबाकी फेडून घर राखण्याचा चॅप्टर १३ मधला हक्क इथे संपतो. केवळ मुदत मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा अर्ज करणेही चालत नाही. वर्षभरात आधीचा एक अर्ज फेटाळला गेला असेल, तर नवी स्थगिती न्यायालयाने वाढवल्याशिवाय ३० दिवसांच्या पुढे टिकत नाही. दोन फेटाळले गेले असतील, तर ती आपोआप लागूच होत नाही.

आपल्या माणसांचे पाऊल अडते ते वेगळ्याच ठिकाणी. अर्जात मालमत्ता लिहायची ती जगात कुठेही असलेली. पुण्यातला फ्लॅट, पीपीएफ, गावच्या सातबाऱ्यावर भावांबरोबर लागलेले नाव, सगळे. “ती जमीन आमची कुठे, ती तर काका कसतात,” असे पुष्कळ जण अगदी प्रामाणिकपणे म्हणतात. पण नाव आहे तर हिस्सा आहे, आणि तो लपवला तर अर्ज बाद होण्यापासून फौजदारी कारवाईपर्यंत काहीही ओढवू शकते. चॅप्टर १३ मध्ये तो सांगितल्याने जमीन लगेच विकली जात नाही. हप्ता किती बसेल, याच्या हिशेबात मात्र तो धरला जातो.

याच्या उलट, ४०१(के) मधली निवृत्तीची पुंजी घेणेकऱ्यांच्या हाती सहसा लागत नाही. तरीही लोक तीच मोडून चार हप्ते भरतात, पाचवा पुन्हा थकतो, आणि मग आमच्याकडे येतात. हे पाहताना फार वाईट वाटते. अब्रू जाईल या भीतीने हे सारे होते, पण दिवाळखोरीचा अर्ज हा गुन्हा नाही आणि त्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्वही लागत नाही.

तुम्हाला यायचेच असेल तर हप्ते थकल्यावर नोटिसा येऊ लागतील तेव्हाच या. घराचे हप्ते १२० दिवसांहून अधिक थकल्याशिवाय फोरक्लोजरची, म्हणजे कर्जापोटी घर विकायला काढण्याची, पहिली कायदेशीर पायरी सहसा उचलता येत नाही. ते चार महिने तुमचे आहेत. येताना सगळी पाकिटे आणा, न फोडलेलीसुद्धा, आणि सातबाऱ्याचा उतारा.

त्या गृहस्थांचे अजून १४ हप्ते बाकी आहेत. ते त्याच घरात राहतात.