४०० मीटरचं यान, २००० पिक्सेलमध्ये

संगणकावर अवकाशाच्या पोकळीचं चित्र काढणाऱ्याची पहिली पंचाईत अशी, की तिथे मोजायला काहीच नसतं. झाडाशेजारी घर काढलं की घराची उंची कळते, घराच्या दारात माणूस उभा केला की झाडाचीही कळते. अवकाशयान मात्र काळ्या पडद्यावर एकटंच लटकलेलं. ते बसगाडीएवढं आहे की अख्ख्या शहराएवढं, हे सांगायला आजूबाजूला ना खांब, ना रस्ता, ना धुकं. मग चित्रकार घाईघाईने त्याच्या अंगावर पाईप, पेट्या, जाळ्या, अँटेना चिकटवत सुटतो. भरताड जितकी जास्त तितकं यान मोठं, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात भरताडच तेवढी दिसते आणि यान टेबलावरच्या खेळण्याएवढंच राहतं.

आकार आधी आकड्यात ठरवावा. तुलनेला खऱ्या जगातले दोन आकडे पुरतात: आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक टोकापासून टोकापर्यंत सुमारे १०९ मीटर, आणि माणसाला चंद्राकडे नेणारं सॅटर्न ५ रॉकेट साधारण १११ मीटर उंच. आपलं यान यांच्या जवळपास चौपट धरू, ४०० मीटर. चित्रात ते आडवं, २००० पिक्सेल लांबीचं बसवायचं असेल तर १ मीटरला ५ पिक्सेल मिळतात. इथून पुढे सगळं या आकड्याला बांधलेलं. तीन मीटर उंचीचा मजला १५ पिक्सेलचा. उभा माणूस आठ-नऊ पिक्सेलचा, म्हणजे जेमतेम एक ठिपका. साठ सेंटिमीटरची खिडकी ३ पिक्सेलची.

बहुतेक यानं याच खिडकीपाशी बुडतात. झूम करून रंगवताना ३ पिक्सेलची खिडकी दरिद्री वाटते, म्हणून हात आपोआप १२ पिक्सेलची काढतो, वर तिला चौकट आणि चकाकी देतो. बघणाऱ्याचा डोळा मात्र खिडकीला खिडकीएवढीच धरतो. साठ सेंटिमीटरला १२ पिक्सेल, म्हणजे मीटरला २०, म्हणजे २००० पिक्सेलचं यान १०० मीटरचं. एका खिडकीने तीनशे मीटर गिळले! यान तिरकं, आपल्याकडे झेपावणारं असेल तर हिशेब आणखी नाजूक होतो. नाकाशी १ मीटरला १२ पिक्सेल असतील, तर शेपटीशी ३च उरतात. तिथे नाकावरच्या खिडक्या कॉपी करून पेस्ट केल्या की शेपूट नाकाच्या शेजारी येऊन बसते.

हे आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवले की मग रेखाटन. सुरुवात थंबनेलनी, म्हणजे छोट्या कच्च्या चित्रांनी करावी, प्रत्येक जेमतेम ५०० पिक्सेल रुंद. रंग नाही, ब्रशचे नखरे नाहीत, फक्त तीन टोन: गडद, मधला, उजळ. लॅसोने, म्हणजे हवा तो भाग निवडायच्या साधनाने, आकार कापायचा आणि भरायचा. आठ-दहा झाली की स्क्रीनपासून दोन पावलं मागे जाऊन बघावं. कोणतं यान नुसत्या छायाकृतीवरून ओळखू येतं? कोणाचं नाक कुठलं आणि शेपूट कुठली हे कळतं? जे कळत नाही ते तिथेच सोडावं. पुढे तपशील घालून ते सुधारत नाही. यानाच्या कडेने ग्रहाच्या कडेला नुसतं टेकणं, किंवा अँटेनाचं टोक चौकटीला जाऊन शिवणं, हेही याच टप्प्यात निस्तरून घ्यावं. दोन आकार एकमेकांवर नीट चढावेत किंवा नीट सुटे राहावेत. निसटता स्पर्श झाला की खोली मरते.

पुढचा टप्पा हल्ली बरेच जण ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये करतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. ठोकळे, नळकांडी, एखादा चेपलेला गोल एवढ्यावर यान उभं करायचं आणि कॅमेरा फिरवत बसायचं. लेन्सची निवड इथे होते. ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर २४ मिलिमीटरची लेन्स आडवे सुमारे ७४ अंश दाखवते, ५० मिलिमीटरची ४०, आणि २०० मिलिमीटरची फक्त १०. चोवीसने जवळ गेलं तर नाक अंगावर येतं आणि शेपूट झपाट्याने बारीक होते. दोनशेने लांबून पाहिलं तर यान चपटं, शांत दिसतं, पण मागचा ग्रह राक्षसी होतो. दोन्ही चालतात. चालत नाही ती पार्श्वभूमी धूसर करायची हौस. उथळ फोकस ही जवळच्या, लहान वस्तूची खूण आहे. चारशे मीटरच्या यानाची शेपूट धूसर केली की ते पुन्हा टेबलावर येतं. एक तांत्रिक खोडही ध्यानात असू द्यावी: कॅमेऱ्याची क्लिप एंड, म्हणजे तो किती लांबवरचं दाखवतो ती मर्यादा, यानाच्या शेपटीपर्यंतच्या अंतरापेक्षा कमी असेल तर मागचा अर्धा भाग रेंडरमध्ये गायब होतो, आणि मॉडेल बिघडलंय असं समजून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

थ्रीडीची मदत न घेणाऱ्यांची परीक्षा इंजिनांच्या तोंडाशी होते. नॉझलचं गोल तोंड तिरकं पाहिलं की लंबवर्तुळ होतं आणि त्याचा लघुअक्ष इंजिनाच्या आसाच्या रेषेत पडावा लागतो. हा एक नियम मोडला की नॉझल मुरगळलेलं दिसतं आणि बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगताही येत नाही. आधी आसाची रेघ ओढावी, तिच्यावर लंबवर्तुळ बसवावं, मग रेघ पुसावी. पाच नॉझल शेजारीशेजारी असतील तर एकच लंबवर्तुळ पाचदा चिकटवू नये. दृष्टिरेषेपासून दूरचं तोंड जास्त उघडं दिसतं, जवळचं कमी. सगळ्यांचे आस मात्र एकाच लोपबिंदूकडे, म्हणजे समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात तिकडे, जातात.

आता भरताडीकडे. तिला या धंद्यात ग्रीबल म्हणतात. तिचा उगम हातांनी बनवलेल्या मॉडेलांत आहे: चित्रपटांसाठी यानं बनवणारे कारागीर रणगाड्यांची आणि युद्धनौकांची प्लॅस्टिक किट्स आणून त्यांचे सुटे भाग यानाच्या अंगावर चिकटवत. डिजिटलमध्ये तेच काम एका क्लिकवर होतं, आणि घोटाळा नेमका तिथेच आहे. हाताने एकेक तुकडा डकवणारा माणूस दमतो, थांबतो, कुठे डकवायचं याचा विचार करतो. ठसे आपोआप विखुरणारा स्कॅटर ब्रश दमत नाही. आधी कळस मग पाया अशी गत होते. तपशील यानाच्या साधारण चौथ्या हिश्शात कोंबावा, तोही जिथे कारण असेल तिथे: इंजिनाभोवती, सांध्यांत, गोदीच्या दारापाशी, खाचांत. उरलेलं अंग मोकळं ठेवावं, फक्त पत्र्यांच्या टोनमध्ये तीन-चार टक्क्यांचा फरक करावा. गजबज मोठी वाटते ती शेजारच्या रिकामेपणामुळे.

मोकळी जागा हवी असेल तर भौतिकशास्त्र ती आयती देतं. पोकळीत उष्णता फक्त प्रारणानेच बाहेर जाते, म्हणून यानाला रेडिएटरचे मोठे सपाट पंख लागतात. अवकाश स्थानकालाही ते पांढरे पंख आहेत. चित्रात हा पंख म्हणजे डोळ्याला टेकायला मिळालेली भिंत. गंमत अशी की प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर चालतं. तापमान दुप्पट केलं तर तेवढाच पंख सोळापट उष्णता फेकतो, म्हणून अणुभट्टीचा तापलेला पंख लहानही दाखवता येतो. सुमारे ५२५ अंश सेल्सिअसला वस्तू अंधारात मंद लाल दिसायला लागते, म्हणजे निळ्या-करड्या चित्रात लाल रंग घालायला वैध निमित्त मिळालं. इंजिनांचा एकत्रित धक्का यानाच्या गुरुत्वमध्यातून जायला हवा हेही पाहावं. सगळी इंजिनं पोटाखाली टांगलेलं यान जागच्या जागी गिरक्या घेईल. गंजाचे खाली ओघळलेले डाग तर नकोतच. तिथे खाली ही दिशा नाही आणि गंजवायला हवाही नाही. जळकट छटा नॉझलभोवती द्यावी, बारीक खळगे पुढच्या अंगावर.

प्रकाशात चुका सर्वांत जास्त, आणि सर्वांत सहज पकडल्या जाणाऱ्या. सूर्याचे किरण यानावर आणि मागच्या ग्रहावर जवळपास समांतर पडतात. ग्रहाची उजवी कोर उजळलेली असेल तर यानाचीही उजवीच बाजू उजळायला हवी. ग्रह चंद्रकोरीसारखा असेल तर सूर्य त्याच्या मागच्या अंगाला आहे, म्हणजे यानाची आपल्याकडची बाजू बरीचशी काळोखात. तरीही कोरीच्या ग्रहापुढे समोरून लख्ख उजळलेली यानं ढिगाने दिसतात, कारण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी सुंदर वाटलेल्या असतात.

सावलीची कड किती मऊ ठेवायची, याचंही गणित आहे. पृथ्वीजवळून सूर्य साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे उपच्छायेची, म्हणजे सावलीच्या अर्धवट उजळ कडेची, रुंदी अंतराच्या सुमारे १०८व्या भागाएवढी पडते. यानाच्या पाठीपासून ५० मीटर उंच मनोऱ्याच्या सावलीची कड ४६ सेंटिमीटर मऊ, आपल्या मापात जेमतेम २ पिक्सेल. थोडक्यात, कठीण ब्रश वापरा. मऊ एअरब्रशची सावली हवेतली असते, आणि लहान वस्तूची. काळोख्या बाजूला भर घालायची तर ती ग्रहाकडून घ्यावी. पृथ्वी सुमारे ३० टक्के प्रकाश परत फेकते, म्हणून तिच्याजवळच्या यानाच्या पोटाला निळसर उजेड शोभतो. ग्रह नसेल तर ती बाजू पार्श्वभूमीत विरघळू द्यावी आणि चार दिव्यांवर काम भागवावं.

कडांचं एक खोटं मात्र करावंच लागतं. खऱ्या पत्र्याची कड पाच सेंटिमीटर गोलावलेली असली तर ती आपल्या चित्रात पाव पिक्सेल होईल, म्हणजे दिसणारच नाही, आणि धारदार कडांचं यान पुठ्ठ्याचं वाटतं. म्हणून बेव्हल, म्हणजे कडेची गोलाई, ३०-४० सेंटिमीटरचं द्यावं. दीड-दोन पिक्सेलची उजळ रेघ मिळते आणि धातू धातू वाटतो.

ग्रह काढताना वातावरणाच्या निळ्या कडेवर सगळे फिदा असतात. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. वातावरण १०० किलोमीटरपर्यंत धरलं तरी त्रिज्येच्या दीड टक्का. ग्रहाची त्रिज्या १००० पिक्सेल असेल तर निळी कड १५-१६ पिक्सेलची, आणि तिच्यातही खरा उजेड तळाशी. ऐंशी पिक्सेलचं लुसलुशीत वलय काढलं की ग्रहाचा चेंडू होतो. ४०० किलोमीटरवरून पृथ्वी सुमारे १४० अंश व्यापते, तेव्हा ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये क्षितिजाची फक्त मंद कमान मावेल. पूर्ण गोल हवा असेल तर दूर जावं: भूस्थिर कक्षेतून, जवळपास ३६ हजार किलोमीटरवरून, ती साधारण १७ अंशांची दिसते.

ताऱ्यांचं म्हणाल तर कमी तेवढे बरे. १९६९मध्ये चंद्रावर काढलेल्या फोटोंत तारे दिसत नाहीत, कारण उन्हातल्या पृष्ठभागासाठी लावलेल्या झटपट एक्स्पोजरमध्ये ते उमटतच नाहीत. चित्रात अगदीच काळं नको वाटलं तर तारे घालावेत, पण आकाशाच्या पद्धतीने: तारे सुमारे अडीचपट फिके झाले की त्यांची संख्या साधारण तिप्पट होते. सहा ठळक, अठरा त्याहून मंद, मग चोपन्न, मग दीडशेच्या वर. आकार वाढवू नये, फक्त उजळपणा बदलावा. आणि ग्रहाच्या काळोख्या भागातून तारा चमकताना दिसला तर ग्रहाला भोक पडलंय असा अर्थ होतो.

इंजिनाची झळाळी घालताना अनेकांना कलर डॉज (खालचा रंग उजळवणारा मोड) लेयर काम करत नाही असं वाटतं. तो काळ्या रंगावर म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी: खालच्या शून्याला कशानेही भागलं तरी शून्यच. पोकळीसाठी स्क्रीन किंवा ॲड हा मोड घ्यावा, किंवा पार्श्वभूमी (० ते २५५च्या मापात) शून्याऐवजी पाच-आठच्या आसपास ठेवावी. तिथेही सापळा आहेच. आठ बिटच्या फाइलमध्ये ५ ते २० एवढ्या छटांत ४००० पिक्सेलचा उतार केला तर पंधराच पायऱ्या मिळतात, एकेक पट्टा सुमारे २६७ पिक्सेल रुंद, आणि पोकळीत जिना दिसतो. काम सोळा बिटमध्ये करावं, शेवटी एक-दोन टक्के नॉइज, म्हणजे बारीक दाणेदारपणा, मिसळावा, जेपेग फार दाबू नये.

अधूनमधून सर्वांत वर काळा लेयर ठेवून त्याचा मोड कलर करावा, म्हणजे चित्र करडं दिसतं आणि टोन तपासता येतात. कॅनव्हास आडवा उलटवूनही पाहावा; कललेलं यान लगेच सापडतं. पाठीवरचा क्रमांक चार मीटर उंचीचा, म्हणजे २० पिक्सेलचा, पुरतो. तो सर्वांत शेवटी लिहावा. आधी लिहिला आणि कॅनव्हास सुलटा करायचा राहिला तर फाइल पाठवल्यावर पहिला माणूस कळवतो की तुमच्या यानावरचे आकडे उलटे आहेत.