तणावे कशाने आवळावेत?

मुंबई बंदरात मी चालवतो ती होडी एंटरप्राइज जातीची आहे. १९५६ साली जॅक होल्ट यांनी आखलेली, जेमतेम चार मीटर लांबीची. तिची डोलकाठी पुढे एक आणि दोन्ही बाजूंना एकेक अशा तीन पोलादी तारांच्या तणाव्यांवर उभी असते. गेल्या हंगामात उजव्या तणाव्याच्या टर्नबकलची, म्हणजे फिरवून तार आवळण्याच्या स्क्रूची, तो अडवून ठेवणारी बारीक कडी शिडाच्या दोरीत अडकून केव्हा निघून गेली ते मला कळलेच नाही, आणि तो स्क्रू हळूहळू उलगडत गेला. वारा त्या वेळी डावीकडून होता, म्हणजे ताण डाव्या तणाव्यावर होता, म्हणूनच डोलकाठी वाचली.

त्यानंतर मी बाजूच्या दोन्ही तणाव्यांना खाली टर्नबकलऐवजी डायनिमा या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याची ३ मिलिमीटरची दोरी बांधली. स्टेनलेस स्टीलचे झिजणे आतल्या आत चालते: खारे पाणी जोडाच्या फटीत साचले की प्राणवायूअभावी धातूवरचा संरक्षक थर पुन्हा धरत नाही, आणि बाहेरून तार चकचकीतच दिसते. दोरीचे तसे नाही. तिचे तंतू झिजून सुटू लागले की डोळ्यांना दिसते. तार मात्र मी कापसाचा बोळा फिरवून तपासतो, कारण तुटलेला धागा कापूस धरून ठेवतो.

बांधण्याची रीत सुताच्या बाजेसारखीच आहे. एक टोक तारेच्या डोळ्याला, म्हणजे टोकाच्या फासाला, पक्के करायचे, मग खालच्या शॅकलमधून (होडीला जोडलेल्या धातूच्या कडीतून) आणि त्या डोळ्यातून सहा पदर होईपर्यंत फेरे घ्यायचे आणि प्रत्येक फेरा क्रमाने ओढत ढील शेवटाकडे आणायची. सहा पदरांनी जोर कागदावर सहापट होतो, पण घर्षणात त्यातला बराच जातो. म्हणून एकदा ओढून भागत नाही. डायनिमा फार गुळगुळीत असल्याने साधी गाठ तिच्यावर सरकते, तेव्हा उरलेले टोक सगळ्या पदरांभोवती गुंडाळून मी पाच-सहा अर्ध्या गाठी मारतो. शॅकल जिला जोडलेला असतो त्या होडीवरच्या धातूच्या पट्टीच्या भोकातून दोरी थेट मात्र कधीही ओवू नये, कारण त्या धातूची धार तिला कापते.

ताण किती हवा, हे किनाऱ्यावर ठरत नाही. मध्यम वाऱ्यात होडी वाऱ्याच्या तोंडाशी शक्य तितकी नेली असता आडोशाच्या, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा तणावा किंचित सैलावा, पण लोंबकळू नये. नवी दोरी पहिल्या सफरीत बसते आणि सैल पडते, त्यामुळे धक्क्यावर परतताच मी ती पुन्हा आवळतो.