आजोबांचे बारा इंची बास

मी अलाबामात लोकांची खाजगी तळी बघतो, म्हणजे मुख्यतः त्यातले बास, गोड्या पाण्यातले शिकारी मासे. रत्नागिरीला फिशरीज करताना हा मासा फक्त पुस्तकात बघितलेला. मध्यंतरी एक केस आली, तीन एकराचं तळं, मालक सत्तरीतले आजोबा, तक्रार काय तर गळाला बास भरपूर लागतात पण बारा इंचाच्या पुढे एकही जात नाही, अजून पिल्लं सोडू का.

निम्मं निदान फोनवरच झालं होतं तरी बोट नेली. जनरेटरवरून पाण्यात करंट सोडायचा, मासे थोडा वेळ गुंगतात, जाळीने उचलून टाकीत टाकायचे, मोजायचे. (रबरी ग्लोव्हज घातलेस ना, हे आई अजून व्हिडिओ कॉलवर विचारते.)

एकामागून एक बास, सगळे दहा-बारा इंची, डोकं मोठं आणि पोट खपाटीला. बारा इंचाचा धड बास चारशे ग्रॅमच्या आसपास भरतो, हे तीनशेला रडत होते. ब्लूगिल, म्हणजे बासचं खाणं असलेले छोटे मासे, मोजकेच पण चांगले तळहाताएवढे, मधल्या साइझचा एक नाही. ब्लूगिलची पिल्लं बासनीच फस्त केलेली आणि जे वाचले ते इतके वाढले की बारा इंचीच्या तोंडात मावेनात. बास एक किलो वाढायला साधारण दहा किलो मासे खातो, आणणार कुठून?

म्हटलं, नवीन सोडू नका, उलट चौदा इंचाखालचे काढा, वर्षाला एकरी २५-३० पौंड. आजोबा भडकलेच. आयुष्यभर पकडलेला प्रत्येक मासा परत सोडलाय, मी पैसे मासे वाढवायला देतोय की मारायला!

शेवटी बांधाजवळ एक मादी सापडली, सात पौंडाची. टाकीत टाकली तर तिने आठ इंचाचा अख्खा बास ओकला. आजोबा वाकून बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे तुझं काम ही फुकटात करत होती."

आणि स्वतःच गॅरेजमधून बर्फाचा खोका घेऊन आले. मादी सोडली, बारके ठेवून घेतले, चार मला दिले. रवा लावून तळले, सुरमईच्या जवळपासही नाही पण जेवणात चालून जातं.