न वाचायची अक्षरं

मीनाकाम, म्हणजे धातूवर भाजून बसवलेली रंगीत काच, समोरून बघूच नये. दुपार कलली, खिडकीतून तिरपं ऊन आलं की बाजूनं बघावं. समोरून तळ्यासारखा सपाट दिसणारा निळा तेव्हा खळगे दाखवू लागतो. कुठे बुडबुडा फुटून टाचणीच्या टोकाएवढं भोक, कुठे घासण्याचा ओरखडा. कारागीर कुठे कंटाळला तेही कळतं.

पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात १२०० सालच्या आसपासचं एक झाकणाचं पात्र आहे. चर्चमधला पवित्र प्रसाद ठेवायचं, बैठकीसकट साधारण ३० सेंटिमीटर उंच. आपल्या डोळ्यांना कुंकवाचा करंडाच आठवावा. फ्रान्समधल्या लिमोजचं काम. आतल्या बाजूला लॅटिनमध्ये कोरलंय : लिमोजच्या उस्ताद जी. आल्पाइसनं मला घडवलं. आणि काठाच्या पट्टीवर अरबी अक्षरं. म्हणजे तशी दिसणारी. कुफी, म्हणजे जुन्या कोनदार अरबी लिपीच्या, वळणाचे उभे दांडे, पायाशी आडवी रेघ, सगळा थाट लिपीचा. पण वाचायला गेलं तर काही नाही. वाचता येणारं नाव आत लपवलंय आणि न वाचता येणारं मिरवायला ठेवलंय!

याला नक्कल म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. लिमोज स्पेनमधल्या सँतियागो या ख्रिस्ती तीर्थाच्या यात्रेच्या वाटेवर. अरबी अमलाखालच्या स्पेनकडून येणारं रेशीम, हस्तिदंती डब्या तिथल्या मठांत पोचत होत्या. संतांचे अवशेषसुद्धा अरबी अक्षरं विणलेल्या रेशमात गुंडाळलेले असत. पवित्र वस्तूभोवती असतात ती अक्षरं पवित्रच, एवढा साधा हिशेब असावा. शिवाय कुफीतले सरळ दांडे छिन्नीलाही सोयीचे.

खरी कसोटी मात्र अक्षरांत नाही, रंगांत. तांबं शुद्ध लागतं. त्यात शिसं मिसळलेलं असेल तर वरचा सोन्याचा मुलामा काळवंडतो. पत्र्यात खळगे कोरायचे, मधल्या कडा तेवढ्या ठेवायच्या. त्याच कडा पुढे सोन्याच्या रेघा होतात. रंगीत काच कुटून पाण्यात धुवायची, वर तरंगणारी गढूळ पूड ओतून टाकायची. आळस करून ती ठेवली की रंग मळकट येतो. उरलेला ओला रवा खळग्यात दाबून भरायचा आणि पूर्ण सुकू द्यायचा. पाण्याचा अंश राहिला तर भट्टीत त्याची वाफ होते आणि काच उडते. साधारण ८०० अंशांवर काच वितळते, वितळून बसते, खळगा पुन्हा अर्धा रिकामा. पुन्हा भरा, पुन्हा भाजा. असं दोन-तीनदा. मग दगडानं घासून काच आणि तांबं एका पातळीत आणायचं.

लिमोजवाल्यांची खरी गंमत एकाच खळग्यात दोन-तीन रंग भरण्यात. मध्ये भिंत नाही. निळ्याशेजारी पांढरा, हिरव्याशेजारी पिवळा, ओल्या रव्याला रवा लावून. हात हलला की सगळा चिखल.

मुलामा शेवटी. सोन्यात त्याच्या कितीतरी पट पारा कालवून लोण्यासारखं करायचं, ते तांब्यावर चोळायचं आणि तापवून पारा उडवायचा. काचेला हे मिश्रण धरत नाही, म्हणून रंग आपोआप वाचतो. कारागीर वाचतोच असं नाही. पाऱ्याच्या धुरानं हात थरथरायला लागतात, आणि या धंद्यात थरथरणारा हात म्हणजे संपलंच.

स्पेनमधल्या बुर्गोसच्या संग्रहालयात त्या न वाचता येणाऱ्या अक्षरांची उलटी बाजू आहे. १०२६ साली क्वेंका शहरात मुहम्मद इब्न झय्याननं घडवलेली हस्तिदंती पेटी : शिकारी, सिंह, आणि खरीखुरी, वाचता येणारी अरबी ओळ. पुढे ती सिलोसच्या ख्रिस्ती मठात आली. हस्तिदंताचे काही भाग गेलेले, म्हणून बाराव्या शतकात तिथे मीनाकाम केलेले पत्रे बसवले. एकावर त्याच मठाचे संत दोमिंगो आणि दोन बाजूंना दोन देवदूत. मुहम्मदचं नाव कुणी खरवडलं नाही.

हस्तिदंताला आच सोसत नाही. म्हणून संतांना वेगळं भाजून आणलं आणि मग पेटीवर बसवलं.